क म्हणताना घशात काहीच का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक शिक्षिका सहावीच्या वर्गाला वर्णमाला शिकवत होत्या. पुस्तकात क-वर्ग 'कंठ्य' दिला आहे. एका मुलीने घशाला हात लावून 'क्' म्हणून पाहिले आणि विचारले, "बाई, इथे तर काहीच होत नाही. मग हा कंठ्य कसा?" बाईंना उत्तर सुचले नाही. त्याला जोडून त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. व्यंजनांचे वर्गीकरण पाठ न करता समजून घ्यायचे तर सुरुवात कुठून करावी? आणि ङ, ञ ही अक्षरे मुलांना कोणत्याच शब्दात भेटत नाहीत, तर ती तक्त्यात कशाला?

बाई, तुमच्या विद्यार्थिनीचे बरोबर आहे. क घशात होत नाही. आरशासमोर तोंड जरा मोठे उघडा, 'अक्' म्हणा आणि क् वरच थांबा, पुढे अ येऊ देऊ नका. जिभेचे टोक खाली निवांत पडलेले दिसेल आणि जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला टेकलेला असेल. क तिथे घडतो. आपल्या जुन्या शिक्षाकारांना, म्हणजे उच्चारशास्त्र लिहिणाऱ्यांना, हे ठाऊक होते. पाणिनीय शिक्षेत क-वर्गाचे स्थान जिव्हामूल, म्हणजे जिभेचे मूळ, असे दिले आहे. पुढे व्याकरणाच्या पाठांतरात अ, ह आणि विसर्ग यांच्या पंगतीला क-वर्गही बसवला गेला आणि सगळ्यांचे स्थान 'कंठ' झाले. शाळेच्या पुस्तकात तेच उतरले. आजचे भाषाविज्ञान क-वर्गाला मृदुतालव्य म्हणते. मी वर्गात असतो तर परीक्षेपुरते 'कंठ्य' लिहायला सांगितले असते, पण आधी आरसा दाखवला असता.

माझे काम स्पीच थेरपीचे. बोलण्यात अडखळणारी, काही उच्चार न जमणारी मुले गेली पंचवीसेक वर्षे समोर बसतात. त्यामुळे हा तक्ता मला भाषेच्या पुस्तकात कमी आणि मुलांच्या तोंडात जास्त भेटला. सुरुवातीच्या काळातली माझीच एक चूक सांगतो. साडेचार वर्षांचा एक मुलगा 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणायचा. मी त्याचा क पक्का करायला घेतला, मग ग, आणि पुढे ख-घ घेणार होतो. महिना गेला. मग लक्षात आले की त्याच्या चार अक्षरांमध्ये चार चुका नव्हत्या, एकच होती. क चा तो त करायचा, ग चा द. ख चा थ, घ चा ध. म्हणजे हवा कोंडणे जमत होते, घशातला नाद कधी लावायचा आणि कधी नाही हे कळत होते, जोरदार श्वास सोडणेही येत होते. फक्त जिभेचा मागचा भाग उचलायचा तिथे तो टोक उचलत होता. ती एक हालचाल बसल्यावर चारही अक्षरे काही दिवसांत मागोमाग सरळ झाली.

वर्गीकरण समजून घ्यायला मला यापेक्षा चांगला रस्ता माहीत नाही. व्यंजन हा एकसंध ठोकळा नसतो. तीन-चार स्वतंत्र हालचाली एकाच वेळी जुळून आल्या की एक व्यंजन होते. हवा कुठे अडवली, किती आणि कशी अडवली, त्या वेळी घशातले स्वरतंतू थरथरत होते का, सुटताना सोबत श्वासाचा झोत होता का, आणि नाकाची वाट उघडी होती का. एवढी उत्तरे मिळाली की जगातल्या बहुतेक व्यंजनांचा पत्ता लागतो. त्यातले एकच उत्तर बदला, अक्षर बदलते.

एक पथ्य मात्र पाळा. प्रयोग करताना 'क, ख, ग' असे म्हणू नका, कारण त्यात अ मिसळलेला असतो आणि घशावरच्या हाताला लागते ती त्या अ ची थरथर. आधी अ म्हणा आणि व्यंजनावर थांबा: अक्, अच्, अट्, अत्, अप्. हे पाच सलग म्हटले की अडथळा मागून पुढे सरकत ओठांपर्यंत येताना स्पष्ट जाणवतो. वर्णमालेतल्या पाच वर्गांचा क्रम म्हणजे हाच प्रवास. पॅरिसमध्ये १८८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेच्या तक्त्यात स्तंभ ओठांपासून सुरू होतात आणि उजवीकडे घशाकडे जातात. आपला तक्ता उलट दिशेने चालतो. शरीर तेच.

आता स्थानाबद्दल थोडे सावकाश. प, ब, म यांना दोन्ही ओठ लागतात, त्यात सांगण्यासारखे फार नाही. व साठी मात्र खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, म्हणून तो दंतोष्ठ्य. फ चे आज दोन उच्चार कानावर पडतात. 'फूल' जुन्या पद्धतीने म्हटले तर ओठ मिटून सुटतात, 'फॅन' म्हणताना खालचा ओठ दाताला लागतो आणि हवा घासत जाते. तरुणांच्या तोंडी 'फूल'सुद्धा 'फॅन'सारखे होऊ लागले आहे. यात शुद्ध-अशुद्धाचा वाद घालण्यात मला रस नाही. पण दोन्ही उच्चारांना तक्त्यात एकच घर देता येणार नाही, कारण एकात हवा पूर्ण अडते आणि दुसऱ्यात अडत नाही.

त आणि ट यांतला फरक मुलांना 'जीभ वळवा' एवढ्यावर सांगितला जातो. त म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागच्या बाजूला टेकते. दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा जिभेला लागतो तो वर्त्स. आपले स, ल, र तिथे किंवा त्याच्या आसपास होतात. ट साठी टोक त्याही मागे जाते आणि थोडे वर वळते. 'मूर्धन्य' या नावात मूर्धा म्हणजे डोके आहे, त्यावरून जीभ टाळूच्या घुमटापर्यंत जाते असे वाटते. मराठीत ती सहसा एवढी मागे जात नाही, वर्त्साच्या जरा मागे, टोक किंचित उलटे, एवढेच. इंग्रजीतला ट सारखा वाटणारा ध्वनी खरे तर वर्त्सावरचा आहे, आपल्या त आणि ट यांच्या मधला. आपल्याकडे त्या जागी हवा पूर्ण अडवणारे, म्हणजे स्पर्शाचे, व्यंजन नसल्याने कानाने जवळचे घर शोधले आणि 'टेबल', 'डॉक्टर' झाले. परकी भाषा ऐकताना आपण मनातल्या मनात सतत असेच वर्गीकरण करत असतो.

जागा ओळखण्याची एक साधी युक्ती सांगतो, वर्गात मुलांना फार आवडते. स म्हणायच्या तयारीत जीभ ठेवा, आवाज काढू नका आणि हवा आत ओढा. जिथे गार लागेल तिथे फट आहे. मग श च्या तयारीत तेच करा, गारवा मागे सरकतो. आता ल. जिभेचे टोक वर चिकटलेले असूनही हवा आत येते आणि गारवा जिभेच्या कडांना लागतो, एका बाजूला किंवा दोन्ही. 'पार्श्विक' या शब्दाचा अर्थ याहून वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ळ ला जीभ ट च्या जागी नेऊन हेच केले की झाले. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ या जोड्यांत कडेची वाट तीच राहते, बदलते ती फक्त टोकाची जागा.

मूर्धन्य ष बद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी श आणि ष एकच झाले आहेत. 'कष्ट' म्हणताना जीभ मागे वळते ती पुढच्या ट मुळे. 'भाषा' आणि 'आशा' यांतला फरक आता बहुतांशी लेखनात उरला आहे.

च ची गोष्ट मात्र वेगळी, आणि शाळेत ती नीट सांगितली जात नाही याचे मला वाईट वाटते. मराठीत च चे दोन उच्चार आहेत. संख्या 'चार' म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो, 'चारा' म्हणताना टोक दातांजवळ येते आणि मागोमाग स सारखी घसट ऐकू येते. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ज आणि झ चेही तसेच. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगत राहा, दोन्ही लिहिताना सारखे, पण म्हणताना कोणताही मराठी माणूस गोंधळत नाही. छ ला असा जोडीदार नाही. आणि 'माझा' पासून 'माझी' कडे जाताना झ आपोआप तालव्य होतो, कारण पुढच्या ई साठी जिभेचा मधला भाग आधीच टाळूकडे निघालेला असतो. शब्दातले आवाज मण्यांसारखे एकामागे एक ओवलेले नसतात, ते एकमेकांवर चढलेले असतात. सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी बोलायचे तर जिभेला दुसरा इलाज नाही.

तक्त्यात च-वर्ग स्पर्श व्यंजनांत मोडतो, पण तो निव्वळ स्पर्श नाही. 'अच्' म्हणून पाहा: आधी हवा पूर्ण अडते, मग एकदम न सुटता घासत सुटते. सुरुवात त सारखी आणि शेवट श सारखा. अशा ध्वनीला स्पर्शघर्षक म्हणतात.

हवा अडवण्याच्या या प्रकारांना जुने व्याकरण 'प्रयत्न' म्हणते, आणि मला तो शब्द आवडतो. पूर्ण अडवली तर स्पर्श. बारीक फट ठेवली आणि हवा घासत गेली तर घर्षक, म्हणजे आपले ऊष्म: श, ष, स. फट इतकी मोठी की घसटही होत नाही, तर य आणि व, स्वर आणि व्यंजन यांच्या सीमेवरचे. क, त, प सारख्या स्पर्शात गंमत अशी की व्यंजन चालू असताना प्रत्यक्षात शांतता असते. 'अप्पा' मधला प म्हणजे ओठ मिटलेले आणि आवाज बंद. कान ओळखतो ते मिटण्याआधी आणि उघडल्यानंतर स्वरात होणाऱ्या बदलावरून. द्वित्त व्यंजन दोनदा म्हटले जाते असे मुलांना सांगतात, तसे ते होत नाही. 'पता' आणि 'पत्ता' दोन्हींत जीभ एकदाच लागते आणि एकदाच सुटते. 'पत्ता' मध्ये ती जास्त वेळ लागून राहते, बस.

र वेगळ्याच घडणीचा. त्यात जिभेचे टोक वर्त्सावर एकदा झटकन आपटते किंवा भराभर थडथडते. लांब 'र्र्र्' म्हणताना टोक सेकंदाला साधारण २५ वेळा आपटते, आणि स्नायूंनी जाणूनबुजून तेवढ्या वेगाने कुणालाही ते हलवता येणार नाही. ते काम हवा करते. टोक सैल सोडून योग्य जागी धरले की वाऱ्यात पताका फडफडावी तसे ते फडफडते. र न येणारी मुले जीभ ताठ करून ती हलवायचा आटापिटा करतात, आणि पालक मागून सांगत असतात, "जोर लाव!" जोर लावल्यानेच ते बिघडते.

आता तुमच्या विद्यार्थिनीच्या हाताकडे येऊ. घशावर हात ठेवून तिने पाहिली ती दुसरीच गोष्ट होती. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते लांब असतात, बोलताना जवळ आणले की फुप्फुसातून येणारी हवा त्यांना थरथरवते: प्रौढ पुरुषाच्या आवाजात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीच्या आवाजात दोनशेच्या आसपास, लहान मुलांत त्याहून अधिक. जिवंत माणसाच्या गळ्यात हे घडताना आरशाने पाहणारा मान्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता, गाणे शिकवणारा होता. १८५४ साली त्याने दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश पाडून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले.

थरथर असेल तर घोष, नसेल तर अघोष. 'म्म्म्' आणि 'स्स्स्' आळीपाळीने म्हणत हात ठेवला की फरक लगेच कळतो. ग-क, द-त, ब-प यांतही हाच फरक आहे, पण तिथे तो हाताला पकडणे अवघड. कारण समजून घेण्यासारखे आहे. ओठ मिटून 'ब्ब्ब्' धरून ठेवायचा प्रयत्न करा. गाल किंचित फुगतात आणि पाहता पाहता आवाज मरतो. स्वरतंतू थरथरायला खालून वर हवा वाहत राहावी लागते. तोंड बंद, नाक बंद, मग वरची पोकळी भरली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि वाहणे थांबते. ब मध्ये ओठांमागची पूर्ण पोकळी आणि फुगणारे गाल हाताशी असतात, ग मध्ये अडथळा अगदी मागे, त्यामुळे जागा इवलीशी. म्हणून घोष स्पर्शांमध्ये ग टिकवणे सर्वांत कठीण. थाई भाषेत ब आणि ड सारखे घोष ध्वनी आहेत, ग नाही. अरबीत उलट बाजूचे उदाहरण मिळते, तिथे ब आहे पण प नाही. तक्त्यातली रिकामी घरे बऱ्याचदा अशी शरीराच्या अडचणीतून आलेली असतात.

अल्पप्राण-महाप्राणासाठी कागदाची पट्टी ओठांसमोर धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणा (ओठ मिटून, फॅनसारखे नव्हे). दुसऱ्या वेळी पट्टी उडते. प मध्ये ओठ उघडताच स्वराची थरथर सुरू होते, फ मध्ये ती थोडी थांबते आणि त्या मधल्या वेळात नुसता श्वास वाहतो. हा वेळ किती? सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला तर साधारण साठ ते शंभर. लिस्कर आणि एब्रॅमसन या दोन अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हे अंतर मोजले, त्यात मराठीही होती. बहुतेक भाषांत एवढ्या एका मापाने स्पर्श व्यंजने वेगळी करता आली. मराठी आणि हिंदीपाशी गाडी अडली, ती घ, ढ, ध, भ यांच्यामुळे. ग आणि घ दोन्हींत नाद आधीपासूनच चालू असतो, मग तो कधी सुरू झाला हे मोजून काय निघणार?

या अक्षरांना 'ग अधिक ह' म्हणून सोडून देतात. तेही फारसे चूक नाही, पण मग तो ह कोणता हे सांगावे लागते. ख मधला श्वास अघोष असतो. घ मध्ये सुटणारा श्वास थरथरतच येतो, स्वरतंतू पूर्ण जवळ नसतात आणि पूर्ण लांबही नसतात, नाद आणि श्वास एकत्र निघतात. मराठीतला 'ह' सुद्धा असाच, दोन स्वरांमध्ये तर नक्कीच: 'आहे', 'पाहा' म्हणताना घशावर हात ठेवा, थरथर तुटत नाही. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चाराच्या जुन्या ग्रंथात याचे जे वर्णन आहे ते वाचून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. कंठ मिटलेला असताना नाद, उघडा असताना श्वास, आणि मधल्या अवस्थेत हकार. पुढे असेही म्हटले आहे की वर्गातल्या चौथ्या अक्षरांत, म्हणजे घ, झ, ढ, ध, भ यांत, हाच हकार असतो. घशात आरसा धरण्याची सोय नसताना, केवळ कान आणि स्वतःचे तोंड यांच्या जोरावर त्यांनी हे पकडले. युरोपातल्या ध्वनिविज्ञानात घोष-अघोष भेदाची स्पष्ट समज एकोणिसाव्या शतकात आली, आणि त्यात संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासाचा मोठा हात होता.

मराठीत हा थरथरता श्वास स्पर्शांपुरता थांबत नाही. 'म्हणून', 'न्हाणे', 'व्हायचे', 'ऱ्हास', घाईत म्हटलेले 'ल्हान': यात म-ह, न-ह ही दोन अक्षरे वेगळी ऐकू येत नाहीत, म च श्वासाने ओला होतो. काही अभ्यासक यांना स्वतंत्र महाप्राण व्यंजने मानतात, काही जोडाक्षरे. मी पहिल्या बाजूचा आहे, कारण 'म्हैस' म्हणणारे लहान मूल म आणि ह जोडत बसलेले मी कधी पाहिलेले नाही. क्ष आणि ज्ञ चे बरोबर उलट. तक्त्यात त्यांना घर दिले आहे, पण ती एकेकटी व्यंजने नव्हेत. क्ष म्हणजे क् आणि ष, आणि मराठी ज्ञ बोलताना सरळसरळ द्न्य होतो.

राहिले नाक. नाक चिमटीत धरा आणि 'मामा' म्हणा. 'बाबा'च्या जवळ जाते. म आणि ब यांच्यात ओठ सारखे, नाद सारखा, फरक फक्त एका पडद्याचा. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लटकते, तो वर उचलला की नाकाची वाट बंद होते, खाली सोडला की उघडते. श्वास घेताना तो खालीच असतो. म्हणजे ब म्हणायला कष्ट आहेत, म ला तुलनेने कमी. सर्दीत नाक चोंदले की 'नाना'चा 'दादा'सारखा उच्चार का होतो हे आता सांगायला नको. याची उलट बाजू मी कामात पाहतो. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये हा पडदा नाकाची वाट नीट बंद करू शकत नाही. प, ब, त, द, स यांना तोंडात दाब साठवावा लागतो, आणि दाब नाकावाटे निघून जातो. म, न मात्र ठीक येतात. शस्त्रक्रियेनंतर नाकाखाली गार आरसा धरून 'पापा', 'दादा' म्हणवून घेतो. वाफ धरली नाही की वाट बंद होते आहे असे समजतो.

मध्येच एक गोष्ट आठवली म्हणून. व्यंजने आपण कानांनी ऐकतो असे समजतो, पण १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की आवाज 'ब' चा आणि चित्रफितीत ओठांची हालचाल 'ग' ची असली तर अनेकांना 'द' ऐकू येतो. स्थानाची माहिती डोळेही पुरवतात. म्हणून मुलांना उच्चार शिकवताना फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

आणि स बद्दल एक. स म्हणताना जिभेच्या मध्यावर पन्हळ होते, हवेचा बारीक झोत दातांच्या कडेवर आपटतो आणि तीक्ष्ण आवाज होतो. त्याचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या टेलिफोनची वाट ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच, म्हणून फोनवर 'स' की 'फ' हे पुन्हा विचारावे लागे. वय झाल्यावर ऐकणे कमी होते तेही वरच्या पट्टीपासून. आजी-आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." स्वर पोचलेले असतात, अघोष व्यंजने वाटेत गळालेली असतात. त्यांच्याशी ओरडून बोलल्याने स्वर मोठे होतात, स जवळपास तिथेच राहतो. समोर बसून सावकाश बोललेले बरे.

आपल्या तक्त्याबाहेरचेही पुष्कळ आहे. वर सांगितलेल्या सगळ्या व्यंजनांना फुप्फुसातून बाहेर येणारी हवा लागते. पण हळहळताना आपण जो 'च्च् च्च्' आवाज काढतो तो हवा आत ओढून होतो. झुलू आणि खोसा या आफ्रिकी भाषांत अशा आवाजांनी रीतसर शब्द बनतात. सिंधीत ब, ड, ज, ग यांची स्वरयंत्र खाली ओढून होणारी वेगळी रूपे आहेत. आपल्या पाच वर्गांत यांना घर नाही, पण प्रश्न तेच विचारायचे: कुठे, कसे, नादासह की नादाविना. त्यात हवा कुठून येते हा एक वाढवायचा.

आता ङ आणि ञ. वर्गात पाच शब्द फळ्यावर लिहा: पंखा, मंच, थंड, संत, पंप. मुलांना प्रत्येक शब्द अनुस्वारावरच थांबवायला सांगा आणि जीभ कुठे आहे ते विचारा. 'पंप' मध्ये ओठ मिटलेले असतील, तो म. 'संत' मध्ये टोक दातांना, तो न. 'थंड' मध्ये मागे वळलेले, तो ण. 'मंच' मध्ये जिभेचा पसरट भाग टाळूला, तो ञ. 'पंखा' मध्ये जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला, तो ङ. पुढच्या व्यंजनासाठी जीभ आधीच जागेवर जाऊन बसते आणि तेवढा वेळ हवा नाकातून जाते. म्हणजे ही दोन अक्षरे रोजच्या शब्दांत भरपूर आहेत, आपण त्यांच्या जागी टिंब देतो म्हणून दिसत नाहीत. 'वाङ्मय' मध्ये ङ उघड दिसतो तेवढाच. अनुस्वारानंतर स्पर्श नसेल, तर जिभेला टेकायला ठरलेली जागा नसते, म्हणून 'सिंह', 'संवाद', 'संसार' यांत टिंबाचा उच्चार व कडे झुकतो.

त्या मुलीला पुन्हा घशाला हात लावायला सांगा आणि 'गंगा' म्हणताना मधल्या टिंबावर थांबवा, 'गङ्ङ्ङ्'. स्थान क चेच आहे, पण या वेळी हाताला थरथर लागेल.